उत्तर मागच्या रांगेतून येतं

ध्वनिमुद्रणाबद्दल बोलताना कुणी ‘स्वच्छ’ हा शब्द वापरला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पाणी स्वच्छ असावं. शाळेतलं स्वच्छतागृह स्वच्छ असावं; ते नसतं, तो वेगळा संताप आहे. पण गाणं धुऊन-पुसून स्वच्छ करायला निघालेली माणसं मला आता सहन होत नाहीत. ती परकी असती तर मनातल्या मनात दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. ती माझ्या आळीतली, माझ्या नात्यातली आहेत, आणि त्यांच्यातली एक मी आहे. म्हणून हे लिहायला बसले.

मी पेणच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. त्याखेरीज गेली पंधरा-सोळा वर्षं हौसेनं गाण्याचे कार्यक्रम रेकॉर्ड करते. पेणला करते, अलिबागला करते, पण सगळ्यात जास्त रोह्याला, कारण तिथल्या संगीत मंडळाचे कार्यवाह माझे लांबच्या नात्यातले काका आहेत. धाटावच्या कंपनीत इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, कपड्यांची इस्त्री मात्र अजून निवृत्त झालेली नाही. कार्यक्रम ठरला की त्यांचा फोन येतो आणि मी यंत्रांची पिशवी खांद्याला लावून नागोठण्यावरून जाणारी एसटी पकडते.

एका कार्यक्रमाचे मी दोन आवाज घेते. पहिला मिक्सरमधून, म्हणजे साउंडवाला ज्या टेबलावर बटणं वर-खाली करत बसतो तिथून वायर काढून. त्यात गाणारीचा श्वास, पेटीच्या भात्याची फुसफुस, सगळं कानाशी आल्यासारखं येतं. दुसरा आवाज सभागृहातला. नवव्या-दहाव्या रांगेच्या मागे उंच स्टँडवर दोन माइक लावते. त्यात पंखे, खोकला, खुर्च्यांची करकर, कुणाच्या तरी पिशवीतल्या फरसाणाच्या पुड्या, आणि माणसं.

वायरमधला आवाज खरा आणि हॉलमधला भेसळीचा, असं बहुतेकांना वाटतं. साफ चूक आहे. साउंडवाला मिक्सरवर तेवढंच वाढवतो जेवढं हॉलमध्ये आपल्या पायांनी पोचत नाही. रोह्याच्या त्या सभागृहात मृदंग स्वतःच्या ताकदीवर मागच्या भिंतीला जाऊन आदळतो, त्यामुळे त्याचा माइक जवळजवळ बंद असतो. म्हणजे वायर ऐकली तर मृदंग शेजारच्या घरात वाजतोय आणि गाणारी आपल्या मांडीवर बसली आहे, असं वाटतं. साउंडवाल्याने काय केलं एवढंच वायर सांगते. त्या दिवशी तिथे काय झालं हे कळायला हॉलही लागतो. दोन्ही एकत्र बसवावे लागतात, आणि त्यात दिवस जातात.

पहिल्यांदा मी दोन्ही आवाज नुसते एकावर एक ठेवले, तर बिचारी गायिका प्रत्येक शब्द दोनदा म्हणू लागली. दरवर्षी आठवीच्या पोरांना ध्वनीचा वेग शिकवणारी मी, पण घरची गोष्ट आली की सगळं शिक्षण खुंटीला. आवाजाला एक मीटर चालायला सेकंदाचे साधारण तीन हजारांश लागतात. माझा हॉलमधला माइक बारा-तेरा मीटर लांब, म्हणजे तो कायम मागून येणार. तेव्हापासून कार्यक्रमाआधी मी स्टेजवर जाऊन लाकडी फूटपट्टी टेबलावर एकदा आपटते. तो फटका दोन्ही यंत्रांत उमटतो आणि घरी आल्यावर तो जुळवला की बाकीचं जुळतं. कार्यक्रम संपल्यावर पुन्हा एक फटका, कारण दोन यंत्रांची घड्याळं तासाभरात थोडी फाकतात. रोह्याची मंडळी दरवेळी हसतात, “बाईंनी वर्ग घेतला” म्हणतात. हसोत. आणि एक सांगते, मी अगदी तंतोतंत जुळवत नाही. केसभर मागे ठेवते, म्हणजे ऐकणाऱ्याला खोली जाणवते. हे मला कुणी शिकवलं नाही.

आता त्या बायकांबद्दल.

दोन वर्षांपूर्वी हमरापूरच्या भजनी मंडळातल्या तिघीजणी माझ्या घरी आल्या. हमरापूरला घराघरांत गणपतीचे कारखाने आहेत आणि त्या मंडळातल्या सगळ्याच बायका मूर्तींवर रंगकाम करतात. त्यांच्या म्होरक्या मावशी साठीच्या पुढच्या. त्यांना मी मावशी म्हणते आणि त्या मला ‘तू’ म्हणतात. अहो-जाहो त्या फक्त तलाठ्याला करतात. मावशी आखणी करायच्या. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. बारीक ब्रश, श्वास रोखलेला, आणि एकदा रेष गेली की गेली. कारखान्यात आखणी करणाऱ्याची जागा सगळ्यात पुढे, दाराच्या उजेडात. कारखाना मावशींच्या भावाचा. भाऊ गेल्यावर भाचा चालवतो.

“स्पर्धा हाय बाई भजनाची,” मावशी म्हणाल्या. “पयली फेरी रोह्याला. तिथं तू शूटिंग घेणार असं कळलं.”

“शूटिंग नाही मावशी, आवाज.”

“तेच ते. नीट घे. मला पुढं जायचंय.”

मावशींना बक्षिसाची हौस असेल असं वाटलं नव्हतं, म्हणून मी हसले. त्या हसल्या नाहीत. बरोबरच्या दोघी खाली बघायला लागल्या. मग मावशींनी सांगितलं. भाचा हल्ली म्हणायला लागला होता की आत्या विसरते. एकदा एका मूर्तीच्या भुवया राहिल्या आणि मूर्ती तशीच सुकायला गेली, तेव्हापासून. त्याला डोळ्यांच्या कामाला पंपानं रंग मारणारा एक कारागीर आणायचा होता. आत्याला सरळ ऊठ म्हणायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून हे विसरण्याचं काढलं होतं.

“दीड तास भजन म्हनते मी, कागद न बघता,” मावशी म्हणाल्या. “एकदा वर जाऊन म्हनून येते, मग बघू कोन बोलतो इसरते ती.”

एवढंच त्यांना हवं होतं. दाराच्या उजेडातली ती जागा.

स्पर्धेचं असं होतं: पहिल्या फेरीसाठी परीक्षक येणार नव्हते. तालुक्यातालुक्यांत मंडळांचं गाणं रेकॉर्ड करून वर पाठवायचं, परीक्षक ते ऐकणार आणि निवडलेल्यांना अंतिम फेरीला बोलावणार. आमच्या भागाचं काम काकांच्या संगीत मंडळाकडे आलं होतं. नियमांच्या पत्रकात दोन ओळी होत्या ज्या मला आता पाठ आहेत. मंचावर जास्तीत जास्त आठ जण. ध्वनिमुद्रण स्वच्छ असावे, प्रेक्षकांचा आवाज नसावा. हे लिहिणाऱ्याने आयुष्यात गावातलं भजन ऐकलं होतं की नाही देव जाणे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं असंच असतं.

रेकॉर्डिंगच्या आधी मी एका रविवारी कारखान्यात जाऊन त्यांची तालीम ऐकली. तालीम म्हणजे वेगळं काही नव्हतं, काम चालू आणि गाणं चालू. लांबलचक पत्र्याची शेड. पुढे मावशी आणि त्यांच्या बाजूच्या सातजणी: डोळे, भुवया, ओठ, कपाळावरचं गंध. मागे बाकीच्या बारा-तेरा: पितांबर, शेला, मुकुटाची सोनेरी. मावशी एक डोळा पुरा करायच्या, ब्रश उचलायच्या आणि ओळ म्हणायच्या. उत्तर मागून यायचं. पुढच्या रांगेतली एकही बाई तोंड उघडत नव्हती.

“तुम्ही का नाही म्हणत?” मी शेजारच्या बाईंना विचारलं.

“हात हलतो ना,” त्या म्हणाल्या. “मागल्यांचं काम मोठं, त्यांना चालतं. आमी श्वास धरून बसतो.”

बारीक काम करणाऱ्यांनी गप्प राहायचं, मोठा ब्रश असलेल्यांनी उत्तर द्यायचं. किती वर्षं असं चाललंय कुणालाच सांगता आलं नाही. शेड लांब, त्यात कॉम्प्रेसर सुरू झाला की मागच्यांना ओळ उशिरा कळायची, उत्तर उशिरा यायचं. मावशी थांबायच्या. उत्तर पूर्ण आल्याशिवाय पुढची ओळ नाही. तेवढ्यात दुसरा डोळा व्हायचा. मी तिथे रिकाम्या डब्यावर बसून सगळं ऐकलं आणि मला इतकं बरं वाटलं की परतीची गाडी चुकली तरी चिडचिड झाली नाही. हे मला माहीत होतं, हे लक्षात ठेवा. मी स्वतः बघितलं होतं.

रोह्याच्या दिवशी आठ जणी मंचावर गेल्या. कोण जाणार यावर वाद झालाच नाही. पुढच्या रांगेतल्या गेल्या, त्या वयानं मोठ्या, मान त्यांचा. मागच्या रांगेतल्या तेराजणी इतर मंडळांच्या लोकांबरोबर खाली खुर्च्यांवर बसल्या. मी फूटपट्टी आपटली, लोक हसले, मी मागे माइकपाशी येऊन बसले, मावशींनी पहिली ओळ उचलली. आणि उत्तर आलं खालून. हॉलच्या मागच्या खुर्च्यांमधून, माझ्या माइकच्या बाजूनं, तेराजणींचा आवाज एकदम उठला. मंचावरच्या बाकीच्या सातजणी टाळ, मृदंग, पेटी सांभाळत तोंड मिटून बसल्या होत्या. सवय. कुणाच्या मनातही आलं नाही की इथे हातात ब्रश नाही, आता म्हटलं तरी चालेल. मावशी प्रत्येक ओळीनंतर थांबत होत्या, शेडमध्ये थांबतात तेवढंच. चौथ्या-पाचव्या ओळीला इतर मंडळांचे लोकही उत्तर द्यायला लागले. हॉल भरून गेला. माझ्या हातावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

साउंडवाला आपल्या परीनं चोख होता. मावशी थांबल्या की तो त्यांचा माइक खाली घ्यायचा, शिट्टी वाजू नये म्हणून. पुन्हा ओळ आली की वर. त्याची चूक काही नाही. पण वायरमध्ये काय गेलं असेल ते आता समजून घ्या.

घरी मी चार दिवस बसून दोन्ही आवाज जुळवले. हॉलमधली पंख्यांची घरघर काढली, उत्तराचा आवाज वायरच्या खाली पण स्पष्ट ठेवला. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. एका ठिकाणी कुणीतरी “सरक गो जरा” म्हणतं ते राहिलं होतं. काढता आलं असतं. मला आवडलं म्हणून ठेवलं.

काकांनी नेमकं तेच ऐकलं. मी रोह्याला त्यांच्या घरी लॅपटॉप घेऊन गेले होते. एक मिनिटही झालं नसेल, त्यांनी हात वर केला.

“हे काय गं? बाजार भरलाय का?”

“काका, उत्तर हॉलमधून येतंय. त्यांची पद्धत आहे तशी. हॉल काढला तर भजन अर्धंच उरेल.”

“मंचावर आठ जण, असा नियम आहे. ह्यात वीस-पंचवीस बायका गातायत. परीक्षकांनी मोजलं तर मंडळ बाद होईल. तुला त्यांचं नुकसान करायचंय का?”

हे खोटं नव्हतं. म्हणूनच मी गप्प बसले असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. ते म्हणाले, “बाकी सगळ्या मंडळांची वायरच पाठवतोय. एकसारखं, स्वच्छ. ह्यांचं वेगळं कशाला?” काकूंनी पोह्यांची बशी पुढे ठेवली. माझ्या पिशवीत सहामाहीचे तपासायचे पेपर होते. मी म्हटलं, बरं. वायरची फाइल काढून दिली. एक चिठ्ठीसुद्धा जोडली नाही.

खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती, आणि ती लिहिताना माझी मलाच चीड येते. काकांच्या त्या चकचकीत दिवाणखान्यात ते “सरक गो जरा” ऐकताना मला क्षणभर लाज वाटली. आपल्याकडच्या बैठकीत असं कुणी बोलत नाही. मी, जी आयुष्यभर स्वतःला काकांपेक्षा वेगळी समजत आले, तिला लाज वाटली. नियम, पेपर, पोहे, ही सगळी नंतरची कारणं.

महिन्याभरानं निकाल आला. काकांनी तो सगळ्या मंडळांच्या ग्रुपवर टाकला, प्रत्येक मंडळाच्या नावापुढे परीक्षकांचा शेरा. हमरापूरपुढे लिहिलं होतं: कोरस निष्क्रिय, लय वारंवार तुटते, मुख्य गायिका प्रत्येक ओळीनंतर थांबते, विस्मरण जाणवते.

विस्मरण. दीड तास कागद न बघता भजन म्हणणाऱ्या बाईला. उत्तरासाठी थांबण्याला. मी शाळेत मधल्या सुट्टीत होते, हातातला डबा तसाच बंद केला. परीक्षकांवर तरी किती चिडणार? त्यांना आम्ही जे पाठवलं ते त्यांनी ऐकलं. एक बाई ओळ म्हणते, मग शेजारच्या घरात मृदंग, सात-आठ सेकंद काहीच नाही, पुन्हा ओळ. मीही तेच लिहिलं असतं. आणि तो शेरा कुणाला दाखवावा हा विचारही न करता काकांनी तो ग्रुपवर टाकला होता, ज्या ग्रुपवर हमरापूरचे अर्धे कारखानदार आहेत.

त्याच शनिवारी मी रोह्याला गेले. यावेळी एसटीत बसायलासुद्धा जागा नको होती, उभ्यानंच गेले. काका बाहेर झोपाळ्यावर पेपर वाचत होते. मी पेन ड्राइव्ह त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, “हे परीक्षकांना पाठवा. आणि सांगा की आधीचं आपण चुकीचं पाठवलं.”

“मुदत संपली अगं.”

“मग शेरा तरी मागे घ्यायला सांगा. ग्रुपवर लिहा की चूक आपली होती.”

“आपली कसली चूक? आपण आपलं काम चोख केलं.” त्यांनी चष्मा काढला. “आणि त्यांना काय फरक पडतो एवढा? आनंदासाठी गातात त्या. कारखान्यात गातातच ना रोज?”

मी ओरडले. पन्नाशीची बाई, काकांच्या अंगणात, शेजारची मंडळी गॅलरीत आली तरी ओरडत होते. मी म्हटलं, तुम्हाला फरक पडत नाही कारण तुमची खुर्ची कुणी ओढत नाहीये. म्हटलं, तुमच्या बैठकीत बुवांनी तान घेतली की पहिल्या रांगेतून ‘वाहवा’ येते, ती मी आजवर एकदाही कापलेली नाही, तुम्हीच सांगता ठेव म्हणून. तुमची वाहवा म्हणजे रसिकता आणि त्यांचं उत्तर म्हणजे बाजार? काकांनी पेपरची घडी घातली. चेहरा तेवढा पडला. मग त्यांनी समेट म्हणून पेन ड्राइव्ह आत नेऊन लावला आणि पुरं भजन ऐकलं. पाय हलत होता त्यांचा. संपल्यावर म्हणाले, “छान आलंय गं हे. खरंच. आपल्या वर्धापनदिनाच्या जाहिरातीला वापरू थोडं.”

मी पेन ड्राइव्ह उपटून घेतला आणि निघाले. काकू चहाला थांब म्हणत होत्या. त्यानंतर आजपर्यंत मी त्या मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला माइक लावलेला नाही. काका म्हणतात, मी नाकावर राग घेऊन बसले आहे. बसलेच आहे.

दुसऱ्या दिवशी हमरापूरला गेले. शेडच्या दाराशी, उजेडात, एक तरुण कारागीर पंप घेऊन बसला होता. त्याच्या फोनवर काहीतरी ढणढण चालू होतं. मावशी शेवटच्या रांगेत होत्या, सोनेरीच्या डब्याजवळ, एका मुकुटाला हात लावून. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि काम चालू ठेवलं.

भाचा आला. अदबीनं खुर्ची दिली. मी त्याला म्हटलं, “फोन बंद करायला सांगा. मला तुम्हाला काही ऐकवायचंय.” आधी मी मुद्दाम वायर लावली, परीक्षकांनी ऐकलेली. छोट्या स्पीकरमधून मावशींची ओळ शेडभर गेली आणि थांबली. शांतता. म्हणजे स्पीकरमध्ये शांतता. मागच्या रांगेतून उत्तर आलं. कुणी वर बघितलं नाही, कुणाचा ब्रश थांबला नाही. पितांबराला हात लावून त्या म्हणत होत्या, जशा रोज म्हणायच्या. पुढची ओळ आली. पुन्हा उत्तर. जेवढी जागा मावशींनी सोडली होती तेवढ्यात ते बरोबर बसत होतं. मग मी दुसरी, जुळवलेली फाइल लावली, तर त्या थांबल्या आणि हसल्या, कारण स्पीकरमध्ये त्याच होत्या.

भाच्याकडे वळून मी म्हटलं, “कळलं? त्या विसरत नव्हत्या. थांबत होत्या.”

“मला म्हाईत हाय बाई,” तो म्हणाला. “लहानपनापासून ऐकतो मी. पन कागदावर आलं ना तसं. लोकं इचारतात, आता हा कारागीर ठेवलाय, त्याला काय सांगू?” त्यानं माझ्या नजरेला नजर दिली नाही. वाईट माणूस नव्हता तो. त्याला एक कागद हवा होता आणि तो आम्ही, शिकलेल्यांनी, सहीशिक्क्यासह पोचवला होता. गिऱ्हाईक आलं म्हणून तो बाहेर गेला. पंपवाल्यानं पंप पुन्हा सुरू केला.

मी मागे मावशींजवळ जाऊन बसले. मी आधी परीक्षकांवर घसरले, मग त्या पत्रकावर, मग काकांवर. त्यांना कसं झापलं तेही सांगितलं, जरा रंगवूनच. मावशी मुकुटाची कड भरत ऐकत होत्या. बरोबरच्या एकीनं चहा आणून ठेवला.

“आता भजन कोण उचलतं?” मी विचारलं.

“कोन नाय,” मावशी म्हणाल्या. “इथून उचललं तर उत्तर कोन देनार? पुढल्यांनी कधी दिलंय?”

मी म्हटलं, मावशी, त्या लोकांना ऐकूच गेलं नाही हो, काय करणार.

त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. रागाचा आवाज नव्हता, मला तो परवडला असता.

“त्यांना नाय गेलं, बरोबर हाय. ते कुठं बसले व्हते कोन जाने,” त्या म्हणाल्या. “तू तर तिथंच व्हतीस ना गो, मागल्या खुर्चीपाशी? तुला ऐकू आलं व्हतं?”

मी म्हटलं, हो.